आठवा उपग्रह

ड्रोनला सात उपग्रह दिसत होते आणि त्याला हवे होते आठ. माणसाच्या आयुष्यातलं बहुतेक सगळं असं एकानेच कमी पडतं, हा विचार तपासनिसाला गच्चीवर हातात रिमोट धरून उभं असताना सुचला. विचार तसा बरा होता, पण ऐकायला शेजारचे हेडक्लार्क सोडून तिथे कुणी नव्हतं, आणि हेडक्लार्कांना विचार ऐकण्यापेक्षा सल्ला देण्यात रस होता.

“जरा वर धरून बघा,” ते म्हणाले.

“काय वर धरू?”

“ड्रोन. हाताने उंच धरा. उंचावरून जास्त दिसतील.”

“उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत. माझा हात दोन फूट.”

“दोन फूट तर दोन फूट. तेवढंच अंतर कमी झालं की नाही?”

हे गणित चूक आहे असं म्हणता येत नव्हतं. तपासनिसाने ड्रोन डोक्यावर धरला. पडद्यावर सातचे सहा झाले.

हेडक्लार्क निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हात सहीशिवाय राहत नव्हता; म्हणून हल्ली ते लोकांच्या कामांवर सल्ल्याची सही करत. तपासनीस बेअरिंगच्या कारखान्यात पोलादी गोळ्यांची गोलाई तपासायचा. केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी चूक सापडली की अख्खी पेटी परत. अशा कामात आयुष्य गेलं की माणसाची एक ठाम समजूत होते: मोजलेली गोष्ट कुणी नाकारू शकत नाही. या समजुतीपायी तो आज गच्चीवर उभा होता.

प्रकरण आईच्या भिंतीचं होतं. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, मागच्या गल्लीच्या बाजूला आईची खोली. दर पावसाळ्यात तिच्या बाहेरच्या भिंतीवर ओल यायची. आधी बशीएवढी होती, मग परातीएवढी झाली, आणि आता तिला कशाचीच उपमा पुरत नव्हती. आईने पलंग दरवर्षी भिंतीपासून थोडा थोडा सरकवत आणला होता. तो आता खोलीच्या मधोमध बेटासारखा उभा होता. डॉक्टरांनी आईची छाती तपासून सांगितलं होतं, “आणखी एक पावसाळा त्या खोलीत काढू नका.” पावसाळा तोंडावर आला होता. समितीचं म्हणणं होतं की बाहेरून चीर असेल तर दुरुस्ती समितीची, आतून काही असेल तर ज्याची त्याची. चीर बाहेर होती याबद्दल तपासनिसाला शंका नव्हती. पण गल्लीतून मान वाकडी करून किंवा खिडकीच्या गजांतून ती दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या चिरेसाठी परांची बांधायला समिती तयार नव्हती.

“पुरावा आणा,” समितीचे सेक्रेटरी म्हणाले. ते विमा एजंट होते, त्यामुळे दुसऱ्याच्या नुकसानीकडे शांतपणे पाहण्याची कला त्यांना अवगत होती. “आणा आणि लगेच मंजूर. मी कशाला अडवू? तुमची आई ती माझी आई.”

पुराव्यासाठी ड्रोन. ड्रोनसाठी मेहुणा.

“भावोजी, न्या की! माझ्याकडे नुसता पडूनच आहे,” मेहुणा म्हणाला. मेहुणे जी वस्तू आपणहून देतात ती का देतात, याचा विचार माणसाने उंबऱ्याच्या आतच करायला हवा. तपासनिसाने तो जिन्यात केला, तेव्हा उशीर झाला होता.

ड्रोन मात्र चांगला निघाला. उडाला, तरंगला, भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. फक्त त्याचा स्वतःचा कॅमेरा डोंगर आणि सूर्यास्त काढण्यासाठी केलेला होता; चीर आणि कोळ्याचं जाळं यांत त्याला फरक कळत नव्हता. चित्र पाहून सेक्रेटरी म्हणाले, “हे जाळं आहे.” हेडक्लार्क म्हणाले, “मला तर वायर वाटते.” तपासनिसाला अपमान वाटला. पुरावा असून तो वाचता येत नाही, ही गोष्ट त्याच्या धंद्याला काळिमा होती. त्याने एक चांगला, छोटा, अगदी बारीक तपशील टिपणारा कॅमेरा आणला आणि ड्रोनच्या पाठीवर पुढच्या बाजूला बसवला. पाठीवर मोकळी जागा तेवढीच होती. तिच्या शेजारी काड्यापेटीएवढी एक डबी होती, आणि त्या डबीत ड्रोनचं जीपीएस राहत होतं.

कॅमेरा बंद असला की पंधरा उपग्रह. कॅमेरा सुरू केला की सात.

तपासनिसाने हे एकदा पाहून सोडलं नाही. सुरू, बंद, सुरू, बंद, असं पुष्कळ वेळा केलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे कोष्टक मांडलं.

“काय चाललंय?” बायकोने दारातून विचारलं.

“निरीक्षण.”

“मला वाटलं खेळताय.”

जेवताना त्याने तिला आणि आईला समजावून सांगितलं. “हे बघा, उपग्रहाचा आवाज म्हणजे फार लांबून आलेली कुजबुज. कॅमेरा चालू झाला की त्याच्या आतल्या यंत्रातून त्याच पट्टीत खरखर सुटते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण जीपीएसच्या अगदी कानाशी चालते. आई फोनवर मावशीशी बोलत असताना शेजारी मिक्सर लावला तर कसं होईल, तसं.”

“ती तसाच लावते,” आई म्हणाली.

“एकदा लावला होता,” बायको म्हणाली. “तुमचं बोलणं दीड तास चाललं होतं म्हणून.”

यानंतर जेवणात जीपीएसचा विषय राहिला नाही.

सातवर उडवू नये हे त्याला माहीत होतं. आठच्या खाली ड्रोनला एका जागी स्थिर राहता येत नाही. वारा नेईल तिकडे तो जातो, पाहुण्या माणसासारखा. पण “सात म्हणजे जवळजवळ आठच की हो,” असं हेडक्लार्क म्हणाले आणि पोलादी गोळ्यांच्या बाबतीत ‘जवळजवळ’ या शब्दावर पेट्या परत पाठवणारा माणूस या शब्दाला भुलला. ड्रोन वर गेला, आईच्या खिडकीकडे निघाला, मध्येच विचार बदलला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या बाल्कनीत शिरला. सेक्रेटरी तेव्हा बनियनवर बसून दाढी करत होते. त्या प्रसंगाचं चित्रण नव्या कॅमेऱ्याने अतिशय बारीक तपशिलात केलं. अर्धी दाढी, पूर्ण किंकाळी.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली फळ्यावर सूचना लागली: इमारतीच्या आवारात कोणतीही उडणारी वस्तू पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवू नये. खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘कबुतरं?’ असं लिहिलं होतं. ते अक्षर बायकोचं असावं असा तपासनिसाला संशय आला, पण त्याने चौकशी केली नाही. घरात आपल्या बाजूचं कुणीतरी आहे हे नक्की न कळण्यातही एक आधार असतो.

पोलीस ठाण्यातले अंमलदार सभ्य होते, फक्त ड्रोनसाठी त्यांच्याकडे वेगळा अर्ज नव्हता. त्यांनी जवळात जवळचा अर्ज काढला.

“किती माणसं बसतात?”

“एकही नाही.”

“एकही नाही,” अंमलदारांनी लिहून घेतलं. “वजन?”

“साडेसातशे ग्रॅम.”

अंमलदारांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “तुमचं विचारतोय.”

तपासनिसाने आपलं वजन सांगितलं.

“उडवण्याचं कारण?”

“आईच्या खोलीत ओल येते.”

अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. ठाण्यात रोज नाना तऱ्हेची माणसं येतात, त्यांच्याशी कसं बोलायचं याचं शिक्षण त्यांना मिळालेलं दिसत होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “बसा. पाणी घ्या.”

पाणी पिऊन, सगळं पहिल्यापासून सांगून झाल्यावर असं ठरलं की परवानगी देता येईल, पण आधी इमारतीच्या समितीचं ना हरकत पत्र हवं. सेक्रेटरी म्हणाले, ना हरकत लगेच देतो, पण आधी पोलिसांची परवानगी हवी. तपासनीस ठाणे ते इमारत, इमारत ते ठाणे असे हेलपाटे घालू लागला. अखेर वैतागून त्याने सेक्रेटरींना फोन लावला आणि तो सरळ अंमलदारांच्या हातात दिला. दोघं पुष्कळ वेळ बोलले. अंमलदार मध्येमध्ये “हो का?”, “मुलांसाठी वेगळी असते का?” असं विचारत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी शिक्का मारला. तपासनिसाला परवानगी मिळाली आणि सेक्रेटरींना एक नवीन विमेदार. या सगळ्या प्रकरणात ज्यांचं काम पहिल्या फटक्यात झालं असे सेक्रेटरी हे एकटेच.

आता खरखर थांबवायची होती. त्यासाठी धातूचं वेष्टण करायचं, एवढं तपासनिसाने वाचून काढलं होतं. धातू मध्ये आला की त्या जातीच्या लहरी पलीकडे जात नाहीत. बायकोने पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद दिला. तो देताना ती म्हणाली, “सगळा संपवू नका.” हेडक्लार्क खुर्ची घेऊन येऊन बसले होते.

“नीट गुंडाळा,” ते म्हणाले. “फटी ठेवू नका. अर्धवट बंदोबस्त म्हणजे बंदोबस्त नाही.”

तपासनिसाने जीपीएसची डबी गुंडाळली. कोपरे घडी करून आत घेतले, कड बोटाच्या नखाने दाबली, वरून दुसरा थर दिला. इतकी सुबक गुंडाळी की हेडक्लार्क म्हणाले, “प्रदर्शनात ठेवा.” गच्चीवर जाऊन कॅमेरा सुरू केला.

शून्य.

कॅमेरा बंद केला. शून्य. ड्रोन हाताने वर धरला, कारण हेडक्लार्क डोळ्यांनी तसं सुचवत होते. शून्य. आकाश स्वच्छ होतं, डोक्यावरून तीसेक उपग्रह आपापल्या वाटेने चालले होते आणि त्यांतला एकही या ड्रोनला ओळख दाखवत नव्हता.

गच्चीच्या कठड्यावर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की जेवताना आपण सगळं बरोबर सांगितलं होतं आणि गच्चीवर नेमकं उलटं केलं. मिक्सरचा आवाज होतो म्हणून त्याने आईच्या कानांत बोळे कोंबले होते. आईला आता मिक्सर ऐकू येत नव्हता, मावशीही नाही. गुंडाळायचा होता तो मिक्सर. त्याने हे हेडक्लार्कांना सांगितलं.

“मी तेच म्हणत होतो,” हेडक्लार्क म्हणाले.

मग कॅमेरा गुंडाळायचा. पण पोळ्यांचा कागद पातळ, उड्डाणाच्या थरथरीने फाटणारा. तपासनिसाला काही टिकाऊ हवं होतं. आपल्या कामाच्या खोलीत, टेबलावर दिवा ओढून घेऊन, त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला. कॅमेऱ्याच्या मापाची पेटी केली, भिंगासाठी गोल खिडकी ठेवली, कडा कानशीने घासून अशा गुळगुळीत केल्या की त्यावर बोट फिरवत तो थोडा वेळ नुसताच बसून राहिला. डब्याचं झाकण बायकोला परत दिलं. तिने ते घेतलं, डबा कुठे आहे असं विचारलं नाही. लग्नाला वर्षं झाली की काही प्रश्न माणसं विचारतच नाहीत.

गच्चीवर तेरा उपग्रह आले. कॅमेरा सुरू असताना तेरा! तपासनिसाने तीनदा मोजले, म्हणजे पडद्यावरचा आकडा तीनदा वाचला. हेडक्लार्कांनी टाळ्या वाजवल्या. ड्रोन सरळ वर गेला, थांबला, आणि मग अगदी हळूच, जणू काही विसरल्यासारखा, डावीकडे वळला. पुढे गेला, पुन्हा डावीकडे वळला. पहिला फेरा ताटाएवढा होता. दुसरा गाडीच्या चाकाएवढा. पुढचे फेरे गच्चीला पुरेनात.

“प्रदक्षिणा घालतोय,” हेडक्लार्क कौतुकाने म्हणाले.

डबीच्या शेजारी, त्याच पाठीवर, ड्रोनचं होकायंत्रही होतं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा म्हणजे लोखंड, आणि लोखंड जवळ आलं की होकायंत्राची उत्तर दिशा सरकते. ड्रोनला आपण कुठे आहोत ते आता नेमकं कळत होतं. आपलं तोंड कुठे आहे ते कळत नव्हतं. उजवीकडे सरकलो म्हणून तो चूक दुरुस्त करायला जायचा आणि भलत्याच दिशेला दुरुस्त करायचा, मग ती नवी चूक आणखी मोठ्या फेऱ्याने दुरुस्त करायचा. ही पद्धत तपासनिसाला अनोळखी नव्हती. त्याच्या कारखान्यात तिला सुधारणा मोहीम म्हणत.

पाचव्या की सहाव्या फेऱ्यात ड्रोनने वाळत घातलेला एक पायजमा उचलला.

“माझा!” हेडक्लार्क ओरडले. “अहो, माझा आहे तो! उतरवा!”

“उतरवतोय!”

“मग तो वर का चाललाय?”

पायजम्याचे दोन्ही पाय वाऱ्यावर हलवत ड्रोन आणखी एक फेरा फिरला. हेडक्लार्क त्याच्या खालून पळत होते, आणि त्यांचं वय पाहता तो वेग मोजण्यासारखा होता. शेवटी पाण्याच्या टाकीच्या नळाला धडकून दोघं खाली आले. पायजम्याला काही झालं नाही. ड्रोनचा एक पंखा मोडला आणि हेडक्लार्क दोन दिवस सल्ला द्यायला आले नाहीत. दुःख कुठलं मोठं हे तपासनिसाला ठरवता येईना, कारण त्यांच्याशिवाय गच्ची ओकीओकी वाटत होती.

त्या दिवसांत आभाळ भरून येऊ लागलं होतं. एका दुपारी सर आली आणि गेली. संध्याकाळी आईच्या भिंतीवर जुन्या डागाच्या कडेने नवी काळसर रेघ उठली. आई खोकत नव्हती. खोकला दाबत होती. पातळ भिंतींच्या घरात दाबलेला खोकलाच जास्त ऐकू येतो.

“होईल रे,” ती म्हणाली. “तू त्या पाखराच्या मागे एवढा लागू नकोस. किती वाळलास.”

“होईल नाही, आई. करतोय.”

या वेळी त्याने घाई केली नाही. मोडलेला पंखा बदलला. तांब्याची चिकटपट्टी आणली. तांब्याला चुंबकाशी देणंघेणं नसतं. आधी कॅमेऱ्यावर साधा चिकटकागद, म्हणजे तांबं आतल्या कशाला टेकून ठिणगी पडायला नको. मग तांब्याचे दोन थर. कॅमेऱ्याइतकीच त्याची केबलही खरखर करते हे ध्यानात आल्यावर केबललाही तांबं गुंडाळलं. वेष्टण नुसतं लोंबकळत ठेवलं तर ते स्वतःच एरियलसारखं वागतं, म्हणून त्याला एक बारीक तार सोल्डर करून ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. आणि जीपीएसची डबी रिकाम्या बॉलपेनच्या नळीवर बसवून बोटभर उंच केली. भांडखोर शेजाऱ्यापासून घर लांब नेण्यासारखा उपाय नाही. ते जमत नसेल तर निदान मजला बदलावा.

कॅमेरा सुरू. सोळा उपग्रह. ड्रोन गच्चीच्या मधोमध छातीइतक्या उंचीवर उभा राहिला आणि हललाच नाही. कुणीतरी हवेत खिळा ठोकून त्याला टांगल्यासारखा. तपासनीस त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. या वेळी फिरणारा तो होता आणि स्थिर असणारा ड्रोन, एवढा फरक पडायला केवढी यातायात झाली होती.

रविवारी सकाळी मागच्या गल्लीत समिती जमली. समितीबरोबर सगळी इमारतच आली, कारण सुटीच्या दिवशी फुकटात काही उडणार असेल तर घरात बसतं कोण? सेक्रेटरी पूर्ण दाढी करून आले होते. हेडक्लार्क रागवले होते, तरी पहिल्या रांगेत होते. बायकोच्या हातात मोठ्या पडद्याचा फोन होता. त्यावर चित्र दिसणार होतं. वर चौथ्या मजल्यावर आई खिडकीत उभी होती. तिच्याकडे काठीला बांधलेली प्लॅस्टिकची फूटपट्टी होती. चीर दाखवायची तर शेजारी माप हवं. मापाशिवाय चित्र म्हणजे तपासनिसाच्या लेखी नुसती अफवा.

ड्रोन वर गेला. भिंतीजवळ गेलं की भिंतच अर्धं आकाश खाते, हे त्याने हिशेबात धरलं होतं. सोळाचे बारा झाले, बाराचे दहा, नऊ. आईच्या खिडकीसमोर आठ. आकडा तिथे थांबला आणि ड्रोनही.

“आई, पट्टी!” तो ओरडला.

खिडकीतून काठी बाहेर आली. काठीच्या टोकाला पट्टी, काठीच्या दुसऱ्या टोकाला आईचा हात. फोनच्या पडद्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून गच्चीच्या कठड्याकडे गेलेली चीर स्वच्छ दिसत होती. जाळं नव्हे, वायर नव्हे. पट्टीवरच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या.

“साडेतीन मिलिमीटर,” तपासनिसाने जाहीर केलं.

गल्लीत टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “मानलं बुवा! याला म्हणतात पुरावा. मंजूर म्हणजे मंजूर.” हेडक्लार्क शेजाऱ्यांना सांगत होते की तांब्याची कल्पना मूळ त्यांची. आणि तपासनिसाने वर पाहिलं तर आई हसून काठी हलवत होती. त्या क्षणी त्याने ड्रोन सरळ खाली आणला असता तर ही गोष्ट इथेच आनंदात संपली असती. पण सरळ खाली म्हणजे इतर मजल्यांसमोरून खाली, आणि कॅमेरा सुरूच होता.

“अगं बाई,” दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “ती आमची भिंत ना? ते काय गेलंय तिच्यातून?”

“थांबवा, थांबवा. जरा मागे घ्या.”

“आमच्या बाजूला पण दाखवा हो. एवढं आलाय तर.”

“बॅटरी आहे ना अजून?”

बॅटऱ्या तीन होत्या. तपासनीस नाही म्हणू शकला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच गल्लीभर माणसं त्याला माप विचारत होती आणि मोहाचे जे काही प्रकार शास्त्रात सांगितलेत त्यांत हा नसला तरी असायला हवा. ज्याची त्याची खिडकी उघडली, ज्याची त्याची पट्टी बाहेर आली. ड्रोन एकेका भिंतीसमोर खिळल्यासारखा उभा राहायचा आणि तपासनीस खणखणीत आवाजात माप सांगायचा. सहा. आठ. अकरा. पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात नऊ. हेडक्लार्कांच्या भिंतीतली चीर चौदा भरली आणि तिच्यातून एक झाड उगवलेलं निघालं.

“मला माहीतच नव्हतं हो,” हेडक्लार्क हरखून म्हणाले. “दहा वर्षं नुसता झोपत होतो तिथे.”

सेक्रेटरी मापं लिहून घेत होते. तिसरी बॅटरी संपली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. “या पावसाळ्याआधी सहा घरांपुरती परांची बांधता येईल. त्यापेक्षा जास्त जमायचं नाही. मग काय करायचं? मोठी चीर आधी. वाद नको, तंटा नको. मापं सगळी एकाच माणसाने घेतलीत आणि तीही यांच्यासारख्या माणसाने, म्हणजे प्रश्नच मिटला.”

प्रश्न मिटला. यादी बारा घरांची झाली आणि साडेतीनची चीर सगळ्यांत खाली, पुढच्या वर्षावर गेली.

“पण एक मिनिट,” तपासनीस म्हणाला. “तक्रार माझी होती. कालपर्यंत फक्त माझीच होती.”

“कालपर्यंत बाकीच्या दिसत नव्हत्या ना,” सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. “तुम्हीच दाखवल्यात. उपकार आहेत तुमचे.”

“अहो, पण माझी आई आहे त्या खोलीत. तिची छाती—”

“मला कळत नाही का? तुमची आई ती माझी आई.” सेक्रेटरींनी कागदाची घडी केली. “पण आई मिलिमीटरमध्ये बसत नाही हो. आणि मिलिमीटर तुम्ही आणलेत.”

तपासनीस ड्रोनची बॅटरी काढू लागला. माणसं पांगली. जाताना प्रत्येकाने त्याचे आभार मानले. हेडक्लार्क तर पायजमा विसरून गळ्यातच पडले.

तो वर आला तेव्हा बायको त्याच्या कामाच्या खोलीत होती. तिने पकडी, कानस, तांब्याच्या पट्टीचं रीळ एका खोक्यात भरलं होतं आणि ती आता टेबल ओढत होती.

“काय करतेस?”

“दुसरी बाजू धरा.”

त्याने धरली. टेबल दारातून तिरकं काढावं लागलं. मग दोघांनी मिळून आईच्या खोलीतला पलंग उचलला, तो बोळातून आणला आणि टेबलाच्या जागी लावला. टेबल आईच्या खोलीत गेलं, ओल्या भिंतीपाशी. सगळं मिळून एवढं काम, आणि मध्ये बायको दोन शब्द बोलली असेल तर ते “सांभाळा, बोट” एवढेच. टोमणा मारायला जागा नव्हती असं नाही. पण तिने तो मारला नाही, याबद्दल तो तिचा आयुष्यभर ऋणी राहणार होता आणि हे तिलाही ठाऊक होतं.

आई काठी टेकत आली. ती काठी अजून तीच होती, फूटपट्टी बांधलेली. ती पलंगावर बसली, हाताने भिंत चाचपली. कोरडी होती. छताकडे पाहिलं. तेही कोरडं होतं. खिडकीतून चांगला वारा येत होता.

“अरे,” ती म्हणाली, “ही खोली आपल्याकडे आधीपासून होती ना?”

“हो.”

“हे सगळं व्हायच्या आधीही?”

“हो, आई.”

“बरं,” आई म्हणाली, आणि कुशीवर वळून डोळे मिटले.

तपासनिसाने दार हळूच ओढून घेतलं. उपग्रहांची कुजबुज जपता येते, कॅमेऱ्याची खरखर अडवता येते, हे त्याने स्वतःच्या हातांनी सिद्ध केलं होतं. पण त्या ‘बरं’पासून माणसाला वाचवेल असं वेष्टण अजून कुठल्याच धातूचं निघालेलं नाही.